माझ्या बाजूचा क्लच

माझे पाय एका जागी राहत नाहीत. लग्नात पंगतीला बसलो की पाच मिनिटांत शेजारचा माणूस माझ्या गुडघ्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "मास्तर, जरा दमानं. वाढपी येतोय." दवाखान्याच्या बाकावर, बँकेच्या रांगेत, दहाव्याच्या प्रवचनात, सगळीकडं तेच. डावा पाय आपोआप खाली जातो, वर येतो, अर्ध्यावर थांबतो, परत खाली जातो. डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, आजार नाही, सवय आहे. सवय कसली ते मी त्यांना सांगितलं नाही.

शिरूरमध्ये मी वीस वर्षं ड्रायव्हिंगचा क्लास चालवतो, म्हणजे वीस वर्षं गाडीत डावीकडं बसतो. ज्यांनी क्लासच्या गाडीत कधी पाय ठेवला नाही त्यांच्यासाठी सांगतो: शिकणाऱ्याच्या पायाशी नेहमीसारखी तीन पेडल असतात आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी आणखी दोन, एक क्लच आणि एक ब्रेक. दोन्हीकडचे क्लच आतून दांड्यानं जोडलेले. एक दाबला की दुसरा खाली जातो. ब्रेक जीव वाचवायला असतो. क्लच कशाला असतो ते ज्या त्या मास्तरच्या स्वभावावर आहे.

माझा स्वभाव असा, की शिकणाऱ्यानं क्लच घाईनं सोडला आणि इंजिन थरथरायला लागलं की मला ते सहन होत नाही. दातात कळ जाते. गाडी बंद पडणार हे मला दोन सेकंद आधी कळतं आणि तेवढ्यात माझा डावा पाय माझ्या बाजूचा क्लच हळूच अर्धा दाबतो. इंजिन शांत होतं, गाडी सुतासारखी पुढं निघते. शिकणाऱ्याच्या पायाखालचं पेडल त्या वेळी हलकं झालेलं असतं, पण नवशिक्याचं लक्ष तिथं नसतं. त्याला वाटतं आपल्याला जमलं. चेहरा फुलतो, मागचा हॉर्न थांबतो, क्लच प्लेटही वाचते. मी याला 'पाय लावणं' म्हणतो.

मग महिन्याभरानं फोन येतो. "मास्तर, तुमच्या गाडीत येत व्हती की हो. घरच्या गाडीत सारखी बंद पडती." माझं उत्तर ठरलेलं. "घरच्या गाडीचा क्लच कडक असंल. सवय होईल." बहुतेकांना होतेही. पाच-पन्नास वेळा गाडी बंद पाडून, मागच्यांच्या शिव्या खाऊन माणूस शिकतो. ज्यांना सवय होत नाही त्यांचे फोन परत येत नाहीत, त्यामुळं असे किती असतील ते मला माहीत नाही. एकीचं मात्र माहीत आहे. ती माझ्याच घरात राहते.

माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. संध्याकाळी ती जमिनीवर वह्यांचे गठ्ठे मांडून तपासत बसते आणि मी शेजारी चहा घेत असतो. माझा पाय चालूच. दर थोड्या वेळानं तो तिला लागतो, नाहीतर एखाद्या वहीला. मी लगेच हात लावून तो छातीशी नेतो, वही असेल तर कपाळाशी. माणसाला, विद्येला, धान्याला पाय लागला की नमस्कार करायचा, हे आईनं पाठीत धपाटे घालून शिकवलेलं. बायको मान वर न करता म्हणायची, "असू दे." तिचा लाल पेन थांबायचासुद्धा नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिची बदली झाली. शिरूर तालुक्यातून दौंड तालुक्यात, केडगावच्या पुढं एका वस्तीवरची दोन खोल्यांची शाळा. तसं ते परदेशात नाही. न्हावऱ्यावरून पारगाव गाठायचं, भीमेचा पूल ओलांडला की दौंड तालुका. पण एसटीनं जायचं तर चौफुल्याकडं जाणारी गाडी धरायची, ती कधी वेळेत येते, कधी येतच नाही. मग फाट्यावर उतरून उसातून तीन किलोमीटर पायी. वेळेत पोचायचं तर केडगावात खोली घ्यायची आणि शनिवारी घरी यायचं. तिच्याबरोबर बदली झालेल्या दोघींनी तसंच केलं. हिनं जूनचे पंधरा दिवस एसटीची वाट बघण्यात काढले आणि एका संध्याकाळी चप्पल काढता काढता म्हणाली, "मी खोली घेणार न्हाई. मला माझ्या घरी राहायचंय. मी गाडी घेणार हाय. गिअर नसलेली."

"तुला स्कुटी हाय की."

"चाळीस किलोमीटर स्कुटीवर, उसाच्या ट्रॉल्यांमधनं? पर स्कुटीला तरी कुठं गिअर हायेत? ती चालवतेच ना मी? तशीच गाडी घेते."

इथून वाद सुरू झाला तो दहा दिवस चालला. खरं म्हणजे वाद मी एकटाच घालत होतो. दात घासताना, जेवताना, ती वह्या तपासत असताना. छोट्या ऑटोमॅटिक गाडीचा भरवसा नाही, हे माझं पालुपद. त्यात कॉम्प्युटर असतो, सेन्सर असतात, न्हावऱ्याच्या पुढं बंद पडली तर कोण हात लावणार? साध्या गाडीची क्लचची तार तुटली तर तारेला तार बांधून घरी येता येतं.

"तुम्हाला येतं," ती म्हणाली. "मी कवा बांधली तार?"

"चढाला मागं येती."

"साधी बी येतीच."

"बॅटरी उतरली तर ढकलून चालू होत न्हाई."

तिनं लाल पेनला टोपण लावलं. "मला ढकलून चालू होणारी गाडी नकोच हाय. ढकलायला दुसऱ्याला हाका माराव्या लागतात."

मी उठून अंगणात गेलो. राग आला होता. तो तिचा नव्हता हे मला कळत होतं, म्हणून जास्तच येत होता. मी क्लासच्या गाडीच्या चारी चाकांना लाथा मारून हवा बघितली. हवा सकाळीच भरली होती.

तेरा वर्षांपूर्वी मी तिला गाडी शिकवली. तेव्हा लग्नाला दोनच वर्षं झाली होती आणि तिला भारी हौस. शाळेच्या आधी, सकाळी सात वाजता आम्ही मैदानावर जायचो. मास्तरची बायको शिकते म्हटल्यावर फिरायला आलेली मंडळी फेऱ्या थांबवून बघत उभी राहायची. तिची गाडी बंद पडली असती तर लोक मला हसले असते. म्हणून मी पाय लावला. पहिल्या दिवशी लावला, दुसऱ्या दिवशी लावला. इतरांच्या बाबतीत शेवटच्या आठवड्यात तरी मी पाय काढून घ्यायचो, तिच्या बाबतीत तेवढाही धीर झाला नाही. लायसनच्या परीक्षेलाही मी डावीकडंच बसलेलो होतो. ती पास झाली. तिनं शाळेत पेढे वाटले आणि पहिला पेढा गाडीपुढं ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी ती आमची घरची जुनी गाडी घेऊन एकटी बाहेर पडली. घोडनदीच्या पुलाकडं चढताना पुढची वाहनं थांबली. हिच्यामागं उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर. रस्ता मोकळा झाला, हिनं क्लच सोडला, गाडी बंद. परत चालू केली, परत बंद. तिसऱ्यांदा गाडी मागं आली आणि ट्रॅक्टरच्या तोंडाला जाऊन टेकली. मोडलं काही नाही. ट्रॅक्टरवाला खाली उतरला, दार उघडून म्हणाला, "ताई, सरका पलीकडं." ही सरकली. त्यानं गाडी पुलापलीकडं लावून दिली. दोन्हीकडची माणसं हसत होती आणि त्यांत तिच्या शाळेतल्या पोरांचे पालक होते.

मी पोचलो तेव्हा ती गाडीबाहेर उभी होती. किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाली, "माझा पायच वाईट हाय. तुमच्या गाडीत कसं काय येत व्हतं, देव जाणे."

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "घरच्या गाडीचा क्लच कडक हाय."

तिनं गाडी सोडली असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. पण पुढं काही दिवसांनी असं व्हायला लागलं, की संध्याकाळी घरची गाडी काढायला बसलो की माझे गुडघे स्टिअरिंगला आपटायचे. सीट पुढं ओढलेली असायची. गाडी मात्र जागची हललेली नसायची, चाकापुढं पडलेला पाला तसाच असायचा. दोन-तीनदा झाल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी क्लासवर असताना ती बंद गाडीत बसून क्लच दाबून बघत होती. दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. बंद गाडीत क्लच कुठं धरतो, गाडी कुठं उचलते, ते कधीच कळत नाही, हे मी तिला एका वाक्यात सांगू शकलो असतो. पण ते सांगितलं असतं तर दुसरंही सांगावं लागलं असतं. मी सीट मागं सरकवायचो आणि घरात जाऊन चहा मागायचो. महिनाभर हे चाललं. मग एके दिवशी सीट जागेवर सापडली आणि तिथून पुढं जागेवरच राहिली.

तेव्हापासून तिला गावाबाहेर कुठं जायचं म्हणजे मी; स्कुटी गावातल्या गावात. केंदूरला माहेरी जायचं तर माझा शेवटचा विद्यार्थी सुटेपर्यंत ती पिशवी भरून ओट्यावर बसून राहायची. तिची आई आजारी होती त्या वर्षी तर रोज. उशीर झाला तरी ती चिडायची नाही. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

वाद मिटेना तेव्हा मी तिला क्लासच्या गाडीतून न्हावरा फाट्यावर आप्पांच्या गॅरेजमध्ये घेऊन गेलो. आप्पा सत्तरीचे, जुने मिस्त्री. क्लासच्या गाडीचं सगळं काम त्यांच्याकडंच. त्यांची हयात साध्या गाड्यांच्या पोटाखाली गेलेली. ते ऑटोमॅटिकला नावं ठेवणार आणि माझं काम परस्पर होणार, असा माझा डाव.

आप्पांनी हात पुसत तिचं सगळं ऐकून घेतलं. "वहिनी, ह्यात लई प्रकार हायेत," ते म्हणाले. "काहीत पट्टा असतो, काही तेलावर चालत्यात. ती बिघडली तर माझ्या बापाला बी उघडायची न्हाई. पर तुम्ही म्हणताय ती छोटी गाडी, तिच्या आत काय येगळं न्हाई. गिअरबॉक्स त्योच. क्लच बी हाय, प्लेट बी तीच. फकस्त पाय मशीनचा हाय."

"म्हंजी?" बायकोनं विचारलं.

"म्हंजी क्लच तुम्ही दाबायचा न्हाई. आत एक मशीन बसीवलीया. येळ आली की ती क्लच दाबती, गिअर टाकती, क्लच सोडती. तुम्हाला वाटतं गाडी आपली आपण चाललीया."

"आणि भरवसा?" मी मध्येच तोंड घातलं. माझा पाय तिथल्या टायरवर आपटत होता.

"मशीन हाय, कवातरी बिघडंल. सेन्सर जाईल. तवा पुण्याला न्यावी लागंल, खोटं कशाला बोलू. आन् चढाला थांबल्यावर ॲक्सिलेटरवर धरून ठिवायची न्हाई, क्लच जळतोय. ब्रेकवर थांबायचं, निघताना हँडब्रेकचा आधार घ्यायचा. पर मास्तर, साध्या गाड्यांच्या प्लेटा मी जल्मभर बदलतोय, त्या काय आपोआप जळाल्या व्हय? गाडी न्हाई जाळत. माणसाचा पाय जाळतोय." मग माझ्या गाडीकडं बघून आप्पांना हसू आलं. "आन् मशीनच्या पायाचं मास्तरांनी नवल करू नये. वहिनी, तुम्ही बघा कवातरी. शिकणाऱ्याच्या बाजूच्या क्लचचं रबर अजून कोरं हाय, आन् मास्तरांच्या बाजूचं घासून गुळगुळीत. दोनदा बदललंय म्या."

आप्पा गंमत करत होते. मीही हसलो, जरा जास्तच मोठ्यानं. बायको हसली नाही.

घरी येताना मी चालवत होतो आणि ती डावीकडं, माझ्या रोजच्या जागी बसली होती. तिनं खाली वाकून बघितलं. चप्पल काढली आणि डावा पाय त्या गुळगुळीत पेडलवर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. मी क्लच दाबला की तिचा पाय खाली जात होता, मी सोडला की वर येत होता. बाजारातल्या गर्दीत मला दहा वेळा क्लच दाबावा लागला. दहाही वेळा तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

आठवड्याभरात तिनं गाडी नोंदवून टाकली. मला विचारलं नाही. गाडी दिवाळीत मिळणार होती, तोवर ती एसटीनं आणि कुणाकुणाच्या गाडीनं जात राहिली. रबराबद्दल तिनं एक शब्द काढला नाही. मी वाट बघत होतो. कधी विचारेल, कशी विचारेल, चारचौघांत विचारेल की काय. क्लासमध्ये माझं चित्त लागेना. पाय लावू नये म्हणून मी मांडी घालून बसायला लागलो, तर पहिल्याच दिवशी एका नर्सबाईंनी गाडी सहा वेळा बंद पाडली आणि मला घाम फुटला. तरी मी पाय खाली सोडला नाही. सातव्यांदा त्यांची त्यांनी नेली.

घरात आणखी एक गोष्ट झाली होती आणि ती माझ्या उशिरा लक्षात आली. माझा पाय तिला लागत होता, वह्यांना लागत होता, मी हात लावून छातीशी नेत होतो. पण ती "असू दे" म्हणत नव्हती. पाय बाजूला घ्यायची आणि पुढची वही ओढायची. इतकी वर्षं तो शब्द फुकट मिळत होता, त्याची किंमत मला तेव्हा कळली. मी सांगून टाकायचं ठरवायचो, आणि चहा संपवून उठायचो.

गाडी आली. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरायची त्या सोमवारी मी म्हणालो, "पहिल्या दिवशी मी येतो." ती म्हणाली, "या." सवयीनं मीच चालवायला बसलो. ती डावीकडं बसली. गाडी चांगली होती, चांगली आहे असं मला म्हणायचं नव्हतं. डाव्या पायाला काही काम नव्हतं आणि तो वेड्यासारखा चटईवर फिरत होता. न्हावऱ्याच्या अलीकडं गतिरोधक आला. वेग कमी करायला मी दोन्ही पाय नेहमीसारखे टाकले. डावा क्लच दाबायला गेला, क्लच नव्हता, तो ब्रेकवर सगळ्या जोरानं पडला. गाडी जागच्या जागी खिळली. मागचा पिकअपवाला कसाबसा बाजूनं निघाला आणि जाताना त्यानं काच खाली करून विचारलं, "काका, शिकताय का?"

बायको उतरली. बॉनेटला वळसा घालून आली, माझ्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाली, "सरका पलीकडं."

मी सरकलो.

तिनं सीट पुढं ओढली, आरसा वाकवला, स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला आणि गाडी काढली. गिअर बदलताना या गाड्या जरा अडखळतात, माझी मान दर वेळी पुढं जात होती. तिनं तीन-चार किलोमीटरांत त्यावर इलाज शोधला, गिअर बदलायच्या वेळी ॲक्सिलेटर किंचित सैल सोडायला लागली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मलाही माहीत नव्हतं.

मी डावीकडं बसलो होतो आणि माझ्यापुढं पेडल नव्हती. वीस वर्षांत पहिल्यांदा मी शिकणाऱ्याशेजारी रिकाम्या पायांनी बसलो होतो. प्रत्येक वळणाला, प्रत्येक म्हशीला माझे पाय चटई दाबत होते. तिला कळत होतं. तिनं रेडिओ लावला आणि लगेच बंद केला.

पारगावच्या अलीकडं रस्ता भीमेच्या पुलाला चढतो. कारखाने सुरू झालेले, पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर धापा टाकत चढत होता आणि मागं मालट्रक अगदी चिकटून. चढाच्या मध्यावर ट्रॅक्टर थांबला. ती थांबली. मला घोडनदीचा पूल आठवला, तिलाही आठवला असणार, कारण तिची बोटं स्टिअरिंगवर पांढरी झाली होती. ट्रॅक्टर हलला. तिनं ब्रेक सोडला आणि गाडी वीतभर मागं आली. मी दोन्ही पाय चटईवर आपटले. मागच्या ट्रकनं हॉर्न दिला. तिनं घाई केली नाही. ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, ॲक्सिलेटर दिला, गाडीनं जोर धरलेला कळल्यावर हँडब्रेक खाली सोडला. गाडी चढून पुलावर आली. आत क्लच मशीननं दाबला होता, मान्य. पण हँडब्रेकवर हात तिचा होता आणि अंदाजही तिचाच होता.

पुलाच्या मध्यावर ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "तिथं काय न्हाई. पाय कशाला आपटताय?"

"तवा माझा पाय लागला व्हता," मी म्हणालो.

इतके महिने जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठं गेली आणि हेच तोंडातून आलं. आणि ते आल्यावर हात आपोआप पुढं झाला, तिच्या खांद्याला लागला आणि माझ्या छातीशी आला. "मैदानावर लागला व्हता. परीक्षेला बी. रोज. तुझा पाय चांगला व्हता. मीच तुला कवा गाडी चालवू दिली न्हाई."

पूल संपला. दौंड तालुका सुरू झाला. तिनं एका सायकलवाल्याला मागं टाकलं, आपल्या बाजूला आली, मग बोलली. आवाज चढलेला नव्हता.

"रबरावर पाय ठेवला तवाच कळलं मला. तुम्ही कवा सांगताय ते बघत व्हते."

मी चटईवरचे पाय मागं ओढले.

"तेरा वर्षं मी म्हणत आले, माझा पाय वाईट. पोरींना शाळेत सांगते, प्रयत्न केला की सगळं येतं, आन् मनात म्हणते, मला कुठं आलं? आई दवाखान्यात व्हती तवा मी ओट्यावर बसून राहायची. ओट्यासमोर गाडी उभी असायची." तिनं एका खड्ड्याला वळसा घातला. "आन् ती सीट. रोज मागं सरकवलेली असायची. म्हंजी तुम्हाला म्हाईत व्हतं."

"व्हय," मी म्हणालो.

ती "असू दे" म्हणाली नाही. मी त्याची वाट बघत होतो, खोटं कशाला सांगू. केडगाव आलं, गेलं, उसातला रस्ता लागला. शाळेपाशी गाडी थांबली तशी पोरं धावत आली आणि बाई स्वतः चालवत आल्या म्हणून गाडीभोवती गोळा झाली. एकीनं विचारलं, "बाई, तुम्हाला कुणी शिकवली?" बायको म्हणाली, "शिकतेय अजून." मग माझ्याकडं वळली. "तुम्ही एसटीनं जा. गाडी मला संध्याकाळी लागंल."

उसातून फाट्यापर्यंत तीन किलोमीटर मी चालत गेलो. फाट्यावर शिरूरची गाडी दीड तास आली नाही. बसायला जागा नव्हती, मी येरझाऱ्या घालत राहिलो. जूनपासून ती हेच करत होती. घरी पोचेस्तोवर दुपार झाली.

संध्याकाळी मी फाटकात उभा होतो. साडेसहाला गाडी गल्लीत वळली. तिनं ती फाटकाबाहेरच लावली, चटईवरची एक वही उचलून झटकली, कपाळाला लावली आणि आत जाताना किल्ली माझ्या हातात दिली. "आत घ्या. मी चहा टाकते."

मी दार उघडून बसलो तर गुडघे स्टिअरिंगला आपटले. हात सवयीनं सीटखालच्या दांडीकडं गेला. दांडी हाताला लागली. मी हात काढून घेतला, गुडघे वाकडे करून पाय कसेबसे पेडलपाशी नेले आणि गाडी तशीच आत लावली.